एफएल स्टुडिओ आहेच, मग रीपर कशाला? दोन सॉफ्टवेअर ठेवण्याचा हिशेब

सोलापुरात घरच्या खोलीत गाणी करणाऱ्या कुणाचाही लॅपटॉप उघडा, एफएल स्टुडिओ हे गाणं बनवायचं सॉफ्टवेअर बहुधा सापडतंच. त्याच्या शेजारी क्यूबेस एआय असतं, कारण स्टाइनबर्गच्या इंटरफेससोबत, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणासोबत, त्याचा कोड येतो. नाहीतर एबलटन लाइव्ह लाइट असतं, कारण फोकसराइटच्या इंटरफेसच्या खोक्यात ते येतं. कुणीतरी मिक्सिंगसाठी चांगलं म्हणालं म्हणून रीपरही उतरवलेलं असतं. अशी तीन-चार सॉफ्टवेअर जमतात, पण त्यातलं विचार करून घेतलेलं एकच असतं. बाकीची आली म्हणून राहिली.

निकाल आधीच सांगून टाकू. मिरवणुकीची रिमिक्स, बीट आणि कीबोर्डवरचे ट्रॅक एवढंच काम असेल तर एफएल एकटं पुरतं. माइकवर माणसं घेत असाल, म्हणजे अभंग गाणारा, हलगी, संबळ, पेटी, तर सोबत रीपर ठेवा. तिसरं काढून टाका. याला एक-दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

एफएल आधी घेऊ, कारण ते कुणी काढणार नाही आणि काढूही नये. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या शेवटी फ्रूटीलूप्स नावाने आलं. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पियानो रोल, म्हणजे स्वर आडव्या पट्ट्यांनी मांडायची खिडकी, आजही इतरांना हेवा वाटावा असा आहे. पण घेताना एक गोष्ट पाहून घ्या. सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये माइकवरून ऑडिओ रेकॉर्ड करता येत नाही आणि प्लेलिस्टवर, म्हणजे गाण्याचे तुकडे क्रमाने मांडायच्या जागी, ऑडिओ क्लिपही टाकता येत नाहीत. पैसे वाचवायला ती घेतली आणि मग 'एफएलमध्ये गायक घेता येत नाही, दुसरं सॉफ्टवेअर लागेल' असं ठरवलं, तर चूक सॉफ्टवेअरची नाही. निदान प्रोड्युसर एडिशन घ्या. ट्रायलचंही असंच. त्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. त्यामुळे ट्रायलमध्ये गिऱ्हाइकाचं काम सुरू करू नका.

तालाच्या बाबतीत एफएलला उगाच बोल लावले जातात. एका मात्रेला दोन स्टेप (तालाच्या साच्यातले चौकोन) धरल्या तर भजनी ठेक्याच्या ८ मात्रा १६ स्टेपच्या नेहमीच्या साच्यात नेमक्या बसतात. दादऱ्याला १२ स्टेप लागतात, रूपकाला १४. नुसती पॅटर्नची लांबी कमी केली आणि प्रोजेक्टची टाइम सिग्नेचर, म्हणजे एका बारमधल्या ठोक्यांचं माप, ४/४ च ठेवली, तर वाजतं बरोबर, पण प्लेलिस्टवरच्या बारच्या रेघा आणि सम यांचा मेळ राहत नाही. चौथ्या आवर्तनाला कट कुठे मारायचा हे कळेनासं होतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये दादऱ्याला ६/८ आणि रूपकाला ७/८ करा, रेघा समेवर येतात. २०१८ मध्ये आलेल्या आवृत्ती २० पासून गाण्याच्या मध्येच टाइम सिग्नेचर बदलण्याचीही सोय आहे. म्हणजे मुखडा केहरव्यात आणि अंतरा दादऱ्यात असलेल्या गाण्यासाठी दुसरीकडे जायची गरज नाही.

एफएल अडखळतं ते हाडामांसाच्या माणसासमोर. हलगीचंच घ्या. हलगीवाला क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजवायला तयार नसतो, आणि वाजवलंच तर त्यातली मजा जाते. मोकळं वाजवलं की लय चढत जाते. सुरुवातीला १०० असलेला टेम्पो शेवटी ११० च्या पुढे गेलेला असतो. त्यावर एफएलमध्ये बेस आणि कीबोर्ड बसवायचा म्हणजे टेम्पोचं ऑटोमेशन हाताने ओढत बसणं. रीपरमध्ये हेच काम माणसाच्या कलाने होतं. एक आवर्तन टाइम सिलेक्शनने धरायचं आणि 'क्रिएट मेझर फ्रॉम टाइम सिलेक्शन' ही आज्ञा द्यायची. सॉफ्टवेअर त्या लांबीवरून टेम्पो काढून मार्कर टाकतं. दर चार-आठ आवर्तनांनी हेच करत गेलं की रेघाच हलगीच्या मागे चालू लागतात. उलट हलगीलाच स्थिर टेम्पोवर आणायचं असेल तर प्रत्येक समेवर स्ट्रेच मार्कर (ऑडिओ ताणायची खूण) टाकून तो जवळच्या रेघेवर ओढा. एका समेवर फार ओढाताण झाली तर काडीचा आघात फुटल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा पूर्ण सरळ करायच्या नादी लागू नका, फक्त ज्या समेवर किक पडणार आहे ती जागेवर आणा.

हलगी माइकवर घेताना आणखी दोन गोष्टी, कारण त्या नंतर सॉफ्टवेअरच्या नावावर खपतात. पहिली पातळीची. काडीचा आघात इतका टोकदार असतो की मीटरवर उणे ६ दिसलं तरी एखादा फटका वर जाऊन कापला जातो. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज नंतर वाढवता येतो, कापलेला फटका परत येत नाही. दुसरी स्वराची. चामड्याची हलगी शेकून ताणलेली असते. ती गार झाली की स्वर उतरतो. पहिला टेक आणि अर्ध्या तासानंतरचा टेक जोडला की सांधा कानाला टोचतो, आणि दोष एडिटिंगला दिला जातो. टेक जोडायचे असतील तर प्रत्येक वेळी पुन्हा शेकून घ्या.

गायकाचं एडिटिंग हे रीपर ठेवण्याचं खरं कारण. २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती ७ मध्ये एकाच ट्रॅकला लेन मिळाल्या. रिपीट चालू करून अंतऱ्याचा भाग निवडा, गायकाला सहा वेळा गाऊ द्या, सहा लेन एकाखाली एक तयार होतात. मग ज्या ओळीचा जो टेक बरा त्यावर माउस ओढायचा, वर जोडलेला टेक आपोआप तयार. सांध्यावर क्रॉसफेडही, म्हणजे एक आवाज विरत दुसरा वर येणं, आपोआप पडतो. तो २० ते ३० मिलिसेकंदांचा ठेवा आणि शक्यतो 'स', 'श', 'च' अशा व्यंजनाच्या आधी टाका. स्वराच्या मधोमध सांधा टाकला की आवाज दुहेरी वाटतो. एफएलमध्ये लूप रेकॉर्डिंग करता येतं, टेकही जमतात, पण त्यातून ओळ-ओळ निवडून एक सलग टेक करायला जास्त हात चालवावा लागतो. एका गाण्यापुरतं चालून जातं. आठ अभंगांचा अल्बम असेल तर नको होतं.

सूर दुरुस्तीत मात्र रीपर गरीब आहे. त्याचं रीट्यून जेमतेम. एफएलच्या सिग्नेचर एडिशनमधलं न्यूटोन किंवा क्यूबेस आर्टिस्ट व प्रोमधलं व्हॅरिऑडिओ त्याहून बरंच वरचं. मेलोडाइनसारखं वेगळं प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) असेल तर रीपर एआरए पद्धतीने ते थेट ट्रॅकवरच्या ऑडिओशी जोडतं, मग ही उणीव भरून निघते. कुठलंही वापरा, मींड असलेल्या जागा सोडून द्या. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की मींडेच्या पायऱ्या होतात आणि अभंग यंत्रातून आल्यासारखा वाटतो. स्थिर ठहराव तेवढे सरळ करा.

सोलापूरचं म्हणून एक वेगळं काम असतं. सिद्धेश्वरांवरचं एकच भक्तिगीत मराठीत, कन्नडात आणि तेलुगूत करायचं. संगीत तेच, गायक तीन. यासाठी रीपरचे फोल्डर ट्रॅक सोयीचे पडतात. संगीताचा एक फोल्डर आणि गायकांचे तीन. दोन म्यूट करून तिसऱ्याचं रेंडर (तयार ऑडिओ फाइल) काढायचं, असं तीनदा. नंतर पखवाजाची पातळी बदलायची ठरली तर एकाच ठिकाणी बदलते. तीन वेगवेगळे प्रोजेक्ट करून ठेवले की तिसऱ्यात बदल करायचा राहूनच जातो. शब्दांची लांबी भाषेप्रमाणे बदलते, त्यामुळे प्रत्येक गायकाच्या फोल्डरवर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) यांच्याकडे जाणारे सेंड वेगळे ठेवा. मराठीसाठी बसवलेला डिले तेलुगूच्या पुढच्या ओळीवर सांडतो.

दोन सॉफ्टवेअर ठेवण्याची खरी किंमत एकातून दुसऱ्यात काम नेताना मोजावी लागते. एफएलचा प्रोजेक्ट रीपर उघडत नाही आणि रीपरचा एफएल. न्यायच्या असतात वेव्ह फाइल. यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा पुढच्या चार-पाच जागांवरच बिघडतं.

एफएलमध्ये प्रत्येक चॅनल वेगळ्या मिक्सर ट्रॅकवर आहे का ते पाहा. चार चॅनल एकाच मिक्सर ट्रॅकवर असतील तर बाहेरही एकच फाइल येणार. सगळे चॅनल निवडा, मिक्सरमध्ये रिकामा ट्रॅक निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा, तिथपासून ओळीने वाटणी होते. मग वर पॅटर्न मोड आहे की साँग मोड ते पाहा. पॅटर्न मोडवर राहिलं तर चार मिनिटांच्या गाण्याऐवजी दोन बारची फाइल निघते. एक्स्पोर्टच्या खिडकीत वेव्ह, २४ बिट, 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' वर खूण, आणि टेल 'लीव्ह रिमेंडर'. टेल कापली की शेवटच्या झांजेचा नाद मध्येच तुटतो. मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज जिथे एकत्र येतात त्या ट्रॅकवर, लिमिटर बसलेला असेल तर मास्टर इफेक्टची खूण काढा. तो लिमिटर प्रत्येक फाइलला वेगळा दाबतो, आणि रीपरमध्ये सगळ्या एकत्र वाजवल्यावर मूळ गाणं काही लागत नाही. सेंडवरच्या रिव्हर्बची वेगळी फाइल निघते. ती घ्यायची की रीपरमध्ये नवा रिव्हर्ब लावायचा हे आधीच ठरवा, नाहीतर दोन्ही लागतात आणि गायक विहिरीत बसून गातोय असं वाटतं.

सगळ्या फाइल एकाच ठिकाणाहून, पहिल्या बारपासून सुरू होतात, त्यामुळे रीपरमध्ये सगळ्या शून्यावर टाकल्या की जुळतात. त्या टाकण्याआधी रीपरचा टेम्पो एफएलइतका करा, दशांशासकट. ९८.५ चा ९८ केला तरी वेव्ह तसेच वाजतील, पण क्लिक आणि नंतर टाकलेली मिडी (कीबोर्डवर वाजवलेल्या स्वरांची नोंद) घसरत जाईल.

सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्याची, गोची सगळ्यात फसवी. एफएल ४४.१ किलोहर्ट्झवर आणि रीपर ४८ वर असेल तर रीपर स्वतः फाइल बदलून घेतं, काही कळतही नाही. पण तीच फाइल एखाद्या साध्या प्लेअरने किंवा जुन्या यंत्राने बदल न करता ४८ वर वाजवली, तर ती जवळपास नऊ टक्के वेगाने धावते आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वर चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो. व्हिडिओसाठी काम असेल तर सुरुवातीपासून दोन्हीकडे ४८ ठेवा. फक्त ऑडिओ असेल तर दोन्हीकडे ४४.१.

जागेचा अंदाजही घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला मिनिटाला १७ एमबीच्या थोडं वर लागतात. चार मिनिटांचं गाणं आणि ३० फाइल म्हणजे २ जीबी. पुण्याच्या मिक्सिंगवाल्याला मोबाइल डेटावर पाठवायचं तर आधी एवढा हिशेब करा. बेस, किक, एकटा गायक यांच्या फाइल मोनो केल्या तर त्या निम्म्या होतात. फाइलची नावं रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावांच्या फाइल झिप करून पाठवल्या की पलीकडे काही वेळा चौकोन आणि प्रश्नचिन्हं उघडतात, मग कुठली हलगी आणि कुठला ढोल हे फोनवर सांगत बसावं लागतं.

या सगळ्या ये-जा करण्याला एक पळवाट आहे. एफएल हे स्वतःच प्लगइन म्हणूनही चालतं. रीपरमध्ये नवा ट्रॅक घेऊन त्यावर एफएल स्टुडिओचं मल्टी प्लगइन उघडा, आख्खं एफएल आत उघडतं. टेम्पो रीपरचा चालतो, प्ले-स्टॉप एकत्र होतं आणि १६ वेगवेगळे आउटपुट रीपरच्या ट्रॅकवर घेता येतात. बीट अजून पक्का झालेला नाही आणि गायक मात्र आज आलाय, अशा वेळी हे फार कामाचं. मात्र अशा प्रोजेक्टमध्ये एफएलचं काम रीपरच्या फाइलमध्ये साठतं. आतल्या एफएलमधून वेगळी एफएलपी (एफएलच्या प्रोजेक्टची) फाइल सेव्ह करून ठेवा, नाहीतर रीपरची एक फाइल बिघडली की दोन्हीकडचं काम जातं. जुन्या लॅपटॉपवर हा प्रकार जड पडतो. बीट पक्का झाला की आतलं एफएल फ्रीज करा, म्हणजे त्याचा तयार ऑडिओ करून ते बंद ठेवा.

'क्यूबेसमध्ये मिक्स केलं की आवाज भरदार येतो' हे वाक्य नवी पेठेतल्या दुकानापासून प्रत्येक स्टुडिओत ऐकू येतं. फक्त यासाठी दुसरं सॉफ्टवेअर घेणार असाल तर थांबा. तीच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये टाका, फेडर शून्यावर, प्लगइन एकही नको, ३२ बिट फ्लोटमध्ये रेंडर काढा. मग दोन्ही रेंडर एका प्रोजेक्टमध्ये ठेवून एकाची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करा. काहीच ऐकू येत नसेल तर दोन्ही एकच आहेत. काही ऐकू आलं तर बहुतेक वेळा कारण पॅन लॉ, म्हणजे मधोमध ठेवलेला आवाज किती कमी करायचा हा नियम, असतं. मधोमध ठेवलेल्या मोनो ट्रॅकला क्यूबेस मुळात ३ डेसिबल कमी करतं, रीपर मुळात काहीच कमी करत नाही, एफएलचा स्वतःचा वेगळा नियम आहे. तीन डेसिबलच्या फरकाने गायक आणि तबला यांचा तोल बदलतो, आणि माणसाचा कान मोठ्या आवाजाला 'भरदार' म्हणतो. तिन्हीकडे हा नियम सेटिंगमध्ये बदलता येतो. सॉफ्टवेअर मोफत आलं असेल तरी भरदारपणाच्या आशेने ठेवू नका.

प्लगइनच्या बाबतीत दुसरं सॉफ्टवेअर वाटतं तितकी जागा खात नाही. व्हीएसटी ३ या स्वरूपातली प्लगइन विंडोजच्या कॉमन फाइल्स फोल्डरमध्ये एका ठरलेल्या जागी बसतात, दोन्ही सॉफ्टवेअर तिथूनच उचलतात. घोळ होतो तो एकाच प्लगइनची व्हीएसटी २ आणि ३ अशी दोन्ही रूपं बसवली की. एफएलमध्ये जुनं रूप, रीपरमध्ये नवं, आणि मग बनवलेला टोन इकडून तिकडे जात नाही. नव्या कामात फक्त ३ वापरा. टोन सेव्ह करताना सॉफ्टवेअरच्या नव्हे, प्लगइनच्या स्वतःच्या मेनूतून करा. रीपर हवंय ते केवळ त्याच्या रीइक्यू, रीकॉम्प आणि रीएफआयआरसाठी असेल, तर विंडोजवर रीपरच्या कोकॉस कंपनीने ही प्लगइन रीप्लग्ज नावाने फुकट दिली आहेत. ती एफएलमध्येच वापरा. पंखा-कूलरची घरघर काढायला रीएफआयआरचा सबट्रॅक्ट मोड पुरेसा आहे. नुसत्या घरघरीचा तुकडा शिकवा आणि शिकवून झालं की ती खूण काढा, नाहीतर ते गायकालाही घरघर समजून खाऊ लागतं.

दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवली की एकाचा आवाज जातो. अनेक इंटरफेसचे आसिओ ड्रायव्हर (इंटरफेस सॉफ्टवेअरशी जोडणारे प्रोग्राम) एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला हाताशी धरतात. एफएलमध्ये ऑडिओ सेटिंगमधलं 'ऑटो क्लोज डिव्हाइस', रीपरमध्ये सॉफ्टवेअर मागे गेल्यावर डिव्हाइस बंद करण्याची खूण, क्यूबेसमध्ये 'रिलीज ड्रायव्हर' हे चालू करा. मग ज्या खिडकीवर क्लिक कराल तिला आवाज मिळतो. बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या तुकड्यात पुढे जातो ते, गायक घेताना १२८ ठेवा, ४८ किलोहर्ट्झवर ते एका बाजूला २.७ मिलिसेकंद होतात. मिक्सला १०२४ चालतं, म्हणजे २१ मिलिसेकंद. मिक्सचं १०२४ तसंच राहिलं आणि गायक आला तर तो हेडफोनमध्ये स्वतःला उशिरा ऐकतो आणि मागे-मागे गातो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे गेला की लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि जानेवारीत नीट चालणारा प्रोजेक्ट तडतडतो. तो दोष एफएलचा नाही आणि रीपर घेऊन जाणारही नाही. लॅपटॉपखाली हवा खेळू द्या, जड प्लगइनचे ट्रॅक फ्रीज करा.

हाताच्या सवयीची किंमत कुणी धरत नाही. एफएलमध्ये 'आर' दाबलं की रेकॉर्ड चालू-बंद होतं, रीपरमध्ये त्याच 'आर'ने रिपीट. रीपरमध्ये 'एस' कापतं, क्यूबेसमध्ये 'एस' सोलो करतं. क्यूबेसमध्ये रेकॉर्डची कळ नंबर पॅडवरचा तारा आहे, जो छोट्या लॅपटॉपवर नसतोच. गायक समोर उभा असताना चुकीची कळ दाबली की चांगला टेक हुकतो. दोन ठेवणार असाल तर रीपरची ॲक्शन लिस्ट उघडा, प्ले, रेकॉर्ड, कापणे, डुप्लिकेट, अनडू या कळा एफएलसारख्या करून घ्या. रीपरमध्ये कळ बदलणं सोपं आहे, हाही त्यालाच दुसरं सॉफ्टवेअर म्हणून निवडण्याचा एक मुद्दा.

पैशाचं गणित साधं आहे. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, एकही सोय झाकलेली नसते. सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे, डॉलरच्या भावाप्रमाणे पाच हजार रुपयांच्या थोडं वर. वैयक्तिक वापर किंवा त्यातून वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा कमी कमाई असेल तर हाच परवाना लागू होतो. त्यापुढे २२५ डॉलर. आवृत्ती ७ वर घेतलेला परवाना ८.९९ पर्यंत चालतो. कार्डावर परदेशी व्यवहार चालू असावे लागतात. इन्स्टॉलर १५ एमबीच्या आसपास आहे आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतं. दुसऱ्याच्या स्टुडिओत स्वतःचं रीपर घेऊन जाता येतं, हे पंढरपूर-अक्कलकोटला जाऊन भजन मंडळ रेकॉर्ड करणाऱ्याला उपयोगाचं. त्याच्यासोबत वाद्यं मात्र जवळपास काहीच येत नाहीत. पहिलं आणि एकमेव सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेणाऱ्याची इथेच निराशा होते. क्रॅक सॉफ्टवेअरमुळेच खरं तर तीन-तीन ठेवायची सवय लागली आहे. फुकट म्हणून कशाचा हिशेब करावा लागत नाही. पण क्रॅक केलेलं प्लगइन ऐन रेंडरला बंद पडतं आणि अपडेट केलं की प्रोजेक्ट उघडत नाही, शिवाय कुठल्या कंपनीला विचारताही येत नाही.

आता अपवाद. स्टेजवर, समजा हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमात, ट्रॅकवर गाणं चालवायचं असेल आणि गायक अंतरा दोनदा घेईल की तीनदा याचा भरवसा नसेल, तर एबलटन लाइव्हचा सेशन व्ह्यू खरंच कामाचा. मुखडा, अंतरा, म्युझिक पीस वेगवेगळ्या सीनमध्ये ठेवायचे आणि गायक जाईल तसं दाबत जायचं. एफएल किंवा रीपरमध्ये हे ओढूनताणून होतं. यासाठी लाइव्ह लाइट किंवा १६ ट्रॅकची मर्यादा असलेलं इंट्रो पुरतं, कारण प्रत्येक तुकडा आधीच मिक्स होऊन येतो. ट्रायल ३० दिवसांची आहे, पहिला कार्यक्रम त्यात उरकून बघा.

क्यूबेस ठेवावं ते ज्याला स्वरलेखन छापून वादकांना द्यायचंय किंवा व्हिडिओवर पार्श्वसंगीत करायचंय त्याने. पूर्वी त्याला यूएसबी डोंगल लागायचं, २०२२ मध्ये आलेल्या क्यूबेस १२ पासून ते गेलं. क्यूबेस प्रो असेल आणि हात बसलेला असेल तर मात्र रीपर घेऊ नका. लेन, टेम्पो ओळखणं, व्हॅरिऑडिओ सगळं आत आहे. अशा माणसाला एफएल आणि क्यूबेस ही जोडी पुरते. लॉजिक फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं आणि व्हीएसटी घेत नाही, त्यामुळे विंडोजवरच्या मित्राशी देवाणघेवाण वेव्ह फाइलवरच करावी लागते. प्रो टूल्स 'पुणे-मुंबईच्या स्टुडिओत असतं' म्हणून घेणं हा सगळ्यात महाग गैरसमज. त्या स्टुडिओंना तुमचा प्रोजेक्ट नको असतो, पहिल्या बारपासूनच्या वेव्ह, टेम्पो, पट्टी आणि एक कच्चा मिक्स हवा असतो. हे कुठलंही सॉफ्टवेअर देतं.

तिसरं काढायचं ठरलं तर घाईने अनइन्स्टॉल करू नका. त्यातले जे प्रोजेक्ट पुन्हा लागू शकतात ते उघडा आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी एका फोल्डरमध्ये काढा. प्लगइनसकट वेव्ह, प्लगइनशिवाय वेव्ह, मिडी फाइल, आणि टेम्पो, सॅम्पल रेट, पट्टी लिहिलेली एक टेक्स्ट फाइल. काढायचं सॉफ्टवेअर बिटविग, स्टुडिओ वन किंवा क्यूबेस १४ असेल तर डीएडब्ल्यूप्रोजेक्ट स्वरूपातही काढून ठेवा. बिटविग आणि प्रीसोनसने २०२३ मध्ये आणलेलं हे खुलं स्वरूप ट्रॅक, क्लिप, ऑटोमेशन आणि प्लगइनची स्थिती बरीचशी जशीच्या तशी नेतं. एफएलमधून फक्त जुने प्रोजेक्ट बाजूला काढायचे असतील तर 'झिप्ड लूप पॅकेज' निवडा, त्यात सॅम्पलही येतात. नुसती एफएलपी ठेवली की दुसऱ्या डिस्कवरचा तो एक ढोलचा सॅम्पल हमखास हरवलेला निघतो. एवढं झालं की परवाना आधी सोडवा. लाइव्ह दोन संगणकांवर आणि स्टाइनबर्ग तीनवर परवानगी देतं. सॉफ्टवेअर उडवलं, विंडोज नव्याने टाकलं आणि जुनी नोंद तशीच राहिली, तर पुढच्या वेळी जागा भरल्याचा संदेश येतो. स्टाइनबर्गचं ॲक्टिव्हेशन मॅनेजर उघडून डिॲक्टिव्हेट करा, एबलटनच्या परवान्याचं काय करायचं ते आधी पाहून घ्या, आणि मगच अनइन्स्टॉल.